सभामंडपाची दुरुस्ती आणि मारवाडचे मेस्त्री : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या गावच्या विठ्ठल-रखुमाई मंदिराच्या सभामंडपाची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करून घ्यायची, असे आज ग्रामस्थांच्या बैठकीत ठरले आणि कामाच्या नोंदी ठेवण्याचे माझ्याकडे आले. गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. मलप्रभेचा उगम याच डोंगरांत असल्यामुळे येथला पाऊस बेळगाव शहरातल्यासारखा नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकडाला वाळायला उसंतच मिळत नाही. सभामंडपाला आठ लाकडी खांब आहेत, त्यांवर तुळया, वर कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगळुरी कौले. काही खांब पायाशी इतके कुजले आहेत की बोटाने दाबले तरी भुगा पडतो.

बैठकीत दोन मते होती. तालुक्यातील पुष्कळ गावांनी जुने मंडप उतरवून सिमेंटचे स्लॅब घातले आहेत, तेच आपणही करावे, असे तरुण मंडळींचे म्हणणे होते. मी नोकरीची सगळी वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवले असल्याने माझे मत सर्वांना आधीच ठाऊक होते. तरीही मी ते हिशेबानेच मांडले. दगडी जोत्यावर स्लॅबचा भार टाकायचा तर पाया नव्याने खणावा लागेल, आणि खांबांचा कमरेवरचा भाग अजून खणखणीत असताना तो फेकून देणे परवडणारे नाही. वयोवृद्ध वारकऱ्यांनी खांब राखण्याच्या बाजूने मत दिले आणि विषय मिटला.

काम खानापुरात राहणाऱ्या एका मेस्त्रींना द्यावे, अशी सूचना मी केली. ते मूळचे जोधपूरकडचे सुथार असून गेली कित्येक वर्षे या तालुक्यात घरांची व देवळांची लाकूडकामे करतात. प्लायवूड आणि लॅमिनेटचे काम करणारे कारागीर आज बेळगावात हवे तेवढे मिळतात; सबंध लाकडाचा सांधा खिळ्याशिवाय बसवणारे थोडे उरले आहेत. त्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव येथे लिहीत नाही. गावात त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणतात.

१९ जानेवारी २०२५, रविवार

मेस्त्रींबरोबर खांबांची पाहणी केली. त्यांनी प्रत्येक खांब पायापासून वरपर्यंत हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिला आणि आवाज जेथे बद्द झाला तेथे खडूने रेघ ओढली. सहा खांबांवर ती रेघ जमिनीपासून १२ ते १८ इंचांवर आली. दोन खांब, पूर्वेकडील तिसरा आणि सहावा, अजून चांगले आहेत; त्यांना हात लावायचा नाही, असे त्यांचे मत पडले आणि मलाही ते पटले.

कुजण्याचे कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पूर्वी हे खांब दगडी बैठकीवर उघडे उभे होते, त्यामुळे पावसाचे शिंतोडे आले तरी वारा लागून पाय वाळत असे. पुढे कधीतरी मंडपात फरशी बसवण्यात आली, जमिनीची पातळी चार इंच वर आली आणि दगडी बैठका सिमेंटखाली गाडल्या गेल्या. त्यामुळे फरशीखालची ओल थेट लाकडात शिरू लागली. भरीला खांबांना ऑईलपेंटचे थर दिलेले असल्याने शिरलेली ओल बाहेर पडायलाही जागा राहिली नाही. आमच्या भागातील जुन्या मंदिरांत हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. भक्तिभावाने दिलेल्या देणगीतून फरशी बसते, आणि खांबाला काय सोसेल हे त्या वेळी कोणी सुताराला विचारीत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ठरले ते असे : खांबांभोवतीची फरशी कापून दगडी बैठका मोकळ्या करायच्या, कुजलेला भाग कापून त्या जागी नवा तुकडा सांधायचा, आणि रंग खरवडून लाकूड तेलावर ठेवायचे.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

लाकडाचा प्रश्न. दांडेलीच्या सरकारी डेपोतील सागवान घ्यावे, असे बहुतेकांचे म्हणणे होते, आणि त्या सागवानाच्या प्रतीबद्दल दुमत नाही. परंतु लाकूड उघड्यावर सावलीत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागते, हा आमच्या धंद्यातील जुना ठोकताळा आहे. नऊ इंची खांबाचा तुकडा त्या हिशेबाने वाळायला नऊ वर्षे लागतील. ओले लाकूड जुन्या वाळलेल्या खांबाला सांधले तर ते आक्रसून सांधा उघडा पडतो. म्हणून डेपोचे लाकूड चिरून फक्त वासे आणि पट्ट्यांसाठी वापरायचे, आणि खांबांच्या तुकड्यांसाठी बेळगावातून उतरवलेल्या वाड्यांच्या जुन्या तुळया घ्यायच्या, असा मेस्त्रींचा सल्ला होता. जुन्या मालात खिळ्यांचा धोका असतो, म्हणून ते खिशात लोहचुंबक घेऊनच वखारीत आले होते आणि प्रत्येक तुळईच्या चारही बाजूंवरून तो फिरवल्याशिवाय त्यांनी भाव विचारला नाही. माझ्या ओलावा मोजण्याच्या यंत्रावर त्या तुळया १३ टक्के दाखवत होत्या, तर नव्या सागवानाचा आकडा ३० च्या वर गेला.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. देवराईच्या कडेला मागच्या पावसात नाणा जातीचा एक मोठा वृक्ष पडला आहे. काम देवाचेच आहे, तर ते लाकूड फुकट का घेऊ नये, असे काही जणांनी सुचवले. मेस्त्रींनी हात जोडून नकार दिला. "सर, देवाच्या रानातलं लाकूड घ्यायचं तर कौल लावून विचारायला पायजे, आणि बाजारात जुनं लाकूड मिळत असताना देवाला त्या पेचात कशाला घालायचं?" असे ते म्हणाले. मागाहून त्यांनी त्याचे कारण सांगितले. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे खेजडीची झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवी बिश्नोई आणि तिच्यामागोमाग इतर लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि ३६३ जणांनी प्राण दिले. मेस्त्री बिश्नोई पंथाचे नव्हेत, परंतु त्यांचे गाव त्या परिसरातले असल्यामुळे त्यांच्या वडिलांनी हिरव्या खेजडीला कधी कुऱ्हाड लावली नाही. घरातील सगळे काम वाळलेली बाभूळ, शिसव आणि रोहिडा यांतच होई. झाड कोठे उभे होते हे विचारल्याशिवाय लाकूड घ्यायचे नाही, ही सवय त्यांना वडिलांकडून लागली. देवराईतील नाणा जेथे पडला तेथेच राहणार आहे.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

माघ शुद्ध त्रयोदशी, विश्वकर्मा जयंती. आज काम बंद. देशाच्या उत्तर व पूर्व भागांत ही पूजा १७ सप्टेंबरच्या सुमारास होते. मारवाडातील सुथार आणि आपल्याकडील सुतार मात्र माघातली तिथी पाळतात. मेस्त्रींनी सगळी हत्यारे मंडपात मांडली : वाकस (लाकूड तासायचे हत्यार), रंधे, पटाश्या, गिरमिट, गुण्या, करवती, कानशी. विजेवर चालणारा रंधा आणि ड्रिलही त्याच ओळीत होता, आणि त्यांनाही हळदकुंकू लागले. हत्यारांमध्ये एक वाकस त्यांच्या वडिलांचा आहे. त्याचा दांडा अनेकदा बदललेला, पाते घासून घासून निम्मे राहिलेले. त्याने आता काम होत नाही, पण मांडणीत तो सर्वांत वर असतो.

पूजेनंतर त्यांच्याशी निवांत बोलता आले, ते थोडक्यात लिहितो. वडील वारले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. मामा बेळगावात फर्निचरच्या कामावर होते, त्यांनी १९८०च्या दशकात भाच्याला आपल्याकडे आणले. त्या काळी मिरजेपर्यंत मोठे रूळ आणि पुढे मीटरगेज होते, त्यामुळे मिरजेला सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. त्या सामानात एक वळकटी आणि हा वाकस होता. पहिली काही वर्षे कारखान्यातच भुशाच्या गोणीवर झोपून काढली. एका ठिकाणी मालकाने हंगामभराची मजुरी बुडवली. घरी पाठवायची मनिऑर्डर त्या महिन्यात मामांनी स्वतःच्या पैशातून केली आणि आईला त्याचा पत्ता लागू दिला नाही. "मामांनी ते पैसे परत कधी घेतले न्हाईत. तुझ्या हाताखाली पोरगं येईल तेव्हा त्याला दे, म्हणाले." त्या दिवसापासून हाताखालच्या माणसाची मजुरी आधी आणि घरचा किराणा नंतर, हा त्यांचा क्रम आहे. आमच्या कामावरही तो दिसतो : बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही मदतनिसांचे पैसे मोजून झाल्याशिवाय मेस्त्री गावातून निघत नाहीत.

मराठी ते कारखान्यात शिकले आणि कन्नड वखारीत. घरात मारवाडी बोलतात. मुलगी यंदा खानापुरात मराठी माध्यमातून दहावीला आहे, आणि मापांची वही अलीकडे तिच्याच अक्षरात असते.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

कामाचा नारळ फुटला. पहिला घाव कोणी घालायचा, याबद्दल आम्ही काही ठरवले नव्हते. मेस्त्रींनी ते आधीच ठरवून ठेवले होते. गावात सुताराचे एक जुने घर आहे. बलुतेदारी संपल्यावर त्या घरातील मुले गोव्यात कामाला गेली, आणि आज तेथे केवळ एक वृद्ध गृहस्थ व त्यांच्या पत्नी राहतात. मेस्त्री आदल्या दिवशी फळे घेऊन त्यांच्याकडे गेले, या देवळाचा मान तुमच्या घराचा आहे, तुम्ही हत्यार लावा आणि मग मी लावतो, असे सांगून आले. आज त्या आजोबांनी पटाशी धरली, त्यांचा हात थरथरत होता म्हणून मेस्त्रींनी खालून मनगटाला आधार दिला, आणि पहिली ढलपी निघाली. गावाने ज्या घराला गेली कित्येक वर्षे विचारले नव्हते त्या घराची आठवण बाहेरून आलेल्या माणसाने ठेवली, हे आमच्यातील अनेकांच्या मनाला लागले.

आजोबांनी एक उपयुक्त माहितीही दिली. जुन्या तुळया ऐन या झाडाच्या लाकडाच्या असून त्यांच्या वडिलांनी त्या बैलगाडीने आणल्या होत्या. ऐन सागवानापेक्षा जड असतो. टेकू त्या वजनाचा अंदाज धरून लावावे लागतील.

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

अमावस्या. मेस्त्री या दिवशी हत्यार धरीत नाहीत. काल महाशिवरात्र आणि आज अमावस्या, असे सलग दोन दिवस गेल्याने खजिनदार नाराज होते. मजुरी दिवसाप्रमाणे नसून कामाप्रमाणे ठरलेली आहे, याची मी आठवण करून दिली. आपल्याकडील गवंडीही बहुधा अमावस्येला काम बंद ठेवतात. महिन्यातून एक दिवस शरीराला आणि हत्यारांना विसावा मिळावा, हे ज्यांनी तिथीला जोडून दिले त्यांना श्रमाची जाण होती, असे मला वाटते. पटाश्यांना धार लावण्याचे काम मेस्त्रींनी कालच्या संध्याकाळीच उरकले होते.

८ मार्च २०२५, शनिवार

पहिल्या खांबाचा सांधा आज पुरा झाला. ही नोंद सविस्तर ठेवतो, कारण पुढे कोणाला असे काम करावे लागले तर तिचा उपयोग व्हावा.

तुळईच्या खाली खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू देऊन स्क्रू-जॅकने भार इतकाच उचलला की खांब आणि दगड यांच्यामधून कागद सरकू लागला. त्याहून अधिक उचलले असते तर वरची कौले हलली असती. नंतर रेघेच्या वर दोन इंच चांगल्या लाकडात जाऊन करवत लावली. खांब नऊ इंची चौरस आहे, म्हणून सांध्याची लांबी २२ इंच धरली : जुन्या खांबाचा अर्धा आणि नव्या तुकड्याचा अर्धा भाग एकमेकांवर बसतो, दोन्ही टोकांना लहान जीभ असते जेणेकरून तुकडा बाजूला सरकू नये, आणि मधोमध आमनेसामने दोन पाचरी ठोकून सांधा घट्ट ओढला जातो.

खरे कौशल्य त्या दोन पृष्ठभागांना एकजीव करण्यात आहे. मेस्त्री नव्या तुकड्याच्या तोंडाला पाण्यात कालवलेली काव लावतात, तो खांबाला दाबतात आणि काढून घेतात. जेथे जेथे लाकूड उंच आहे तेथे लाल ठिपके उमटतात. ते ठिपके पटाशीने, हातोडी न वापरता, केवळ तळहाताच्या दाबाने कागदासारख्या पातळ साली काढून उतरवायचे, पुन्हा काव लावायची, पुन्हा दाबायचे. दुपारच्या जेवणापर्यंत ठिपके इकडेतिकडे विखुरलेले होते. चारच्या सुमारास संपूर्ण पृष्ठभागावर सारखा लालसर रंग उमटला, तेव्हा ते थांबले. मी विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकवीत असे, पण नऊ इंची खांबावर इतक्या धीराने केलेली कधी पाहिली नव्हती.

सांध्याला बाभळीच्या खुंट्या मारल्या. खुंटीचे लाकूड खांबापेक्षा अधिक वाळलेले हवे, म्हणजे हवेतील ओल घेऊन ती फुगते आणि सैल पडत नाही; या खुंट्या त्यांच्या पत्नीने चुलीवरच्या शिंकाळ्यात महिनाभर ठेवल्या होत्या. वर तुळईच्या कुसाला (खांबाच्या खाचेत बसणाऱ्या टोकाला) जे भोक पाडले ते खांबातील भोकापेक्षा अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खांद्याच्या बाजूला आहे. त्यामुळे खुंटी आत जाताना कूस ओढून घेते आणि तुळई खांबावर आवळून बसते. दगडातील खाचेत पूर्वी पाणी साठत असे, तिला बाहेरच्या बाजूने उतार देऊन वाट काढली आहे. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा घातला आहे.

तुकड्याच्या बुडाला काजूच्या टरफलाचे तेल पाजले. खानापूर-चंदगड भागात काजू मुबलक असल्याने ते सहज मिळते आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे सक्तीचे.

दिवस मावळला की मेस्त्री परांचीवर असले तरी खाली उतरतात आणि आईला फोन लावतात. ऐंशी ओलांडलेल्या त्या माउलीला त्या दिवशी काय काम झाले हे रोज ऐकायचे असते. आज ते बराच वेळ मारवाडीत बोलत होते. मला "विठ्ठल" आणि "खांब" हे दोनच शब्द कळले.

२२ मार्च २०२५, शनिवार

तीन खांब झाले. मेस्त्रींचा थोरला मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर काम करतो. तो सुट्टीचा आला होता. गाभाऱ्याच्या चौकटीवरील गणेशपट्टीचा अर्धा भाग वाळवीने खाल्ला आहे, तो यंत्रावर एका दिवसात कोरून देतो, असे त्याने सुचवले. बापलेकांत वाद होईल अशी माझी अपेक्षा होती. मेस्त्रींनी मात्र मुलाला जुन्या अर्ध्या भागावरून बोट फिरवायला सांगितले. डावीकडच्या वेलीची प्रत्येक कळी वेगळ्या खोलीची आहे. ज्याने ती कोरली त्याचा हात कोठे थांबला आणि कोठे वळला ते बोटाला कळते. यंत्राने काढलेली सारखी वेल तिच्या शेजारी परकी दिसेल, हे मुलाने स्वतःच मान्य केले. उलट खांबांच्या माथ्यावरचे हस्त (तुळईला आधार देणारे तुकडे) एकसारखेच हवेत, ते यंत्रावर करून आणायला मेस्त्रींनी आनंदाने सांगितले. कोठे यंत्र आणि कोठे हात, याचा हा निवाडा मला अचूक वाटतो.

धाकटा मुलगा वडिलांबरोबरच काम करतो. तो अबोल आहे, पण चौथ्या खांबाची काव आज त्यानेच उतरवली.

३० मार्च २०२५, रविवार

गुढीपाडवा. काल अमावस्या होती. काम नाही. मंदिरापुढे गुढी उभारली, तिच्या काठीला मेस्त्रींनी रंधा मारून दिला.

१३ एप्रिल २०२५, रविवार

सहाही खांब आपल्या पायांवर उभे आहेत. जॅक काढले तेव्हा कोणतीही तुळई एका सुतानेही खाली आली नाही.

हिशेब पाहताना गाभाऱ्याच्या चौकटीची आणि गणेशपट्टीची मजुरी लावलेली आढळली नाही, म्हणून मेस्त्रींना विचारले. वर्षातून एक काम देवासाठी, हा त्यांच्या वडिलांचा नेम होता. मंडपाची मजुरी ते घेतात, कारण ती त्यांच्या मुलाबाळांची आणि मदतनिसांची आहे, पण गाभाऱ्याची घेत नाहीत. त्यांचे श्रद्धास्थान रामदेवजी, राजस्थानातील लोकदैवत. पोखरणजवळच्या रामदेवरा येथे भाद्रपदात भरणाऱ्या मेळ्याला त्यांच्या घरातून कोणी ना कोणी जातेच. विठ्ठलाचे अभंग त्यांना पाठ नाहीत. तरीही सकाळी काकड आरती चालू असेल तर ती संपेपर्यंत ते हत्यारांच्या पेटीचे झाकण उघडत नाहीत.

खजिनदारांनी मजुरी घेण्याचा आग्रह केला, तो मीच थांबवला. माणसाचा नेम त्याच्याकडे राहू द्यावा.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

मेस्त्री सहकुटुंब गावी निघाले आहेत. ३० एप्रिलला अक्षय तृतीया. मारवाडात हा लग्नाचा मोठा मुहूर्त असतो, आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न त्या दिवशी आहे. छपराचे काम अर्धे राहिले असताना त्यांनी जाऊ नये, असे समितीतील काहींचे म्हणणे पडले, आणि आवाजही चढले. मेस्त्रींनी शांतपणे सांगितले की वडिलांच्या मागे भावांना त्यांनी वाढवले, पुतणीच्या पाठवणीला थोरल्या घरचा माणूस नसेल तर ती सासरी काय तोंडाने जाईल? मुहूर्त मेस्त्रींनी काम घेतानाच सांगितला होता आणि जानेवारीच्या माझ्या टाचणात तो लिहिलेला आहे, तो मी वाचून दाखवला. जाण्यापूर्वी त्यांनी उघड्या कैच्यांवर ताडपत्री बांधून घेतली आणि कोणती दोरी वारा सुटल्यावर तपासायची ते गुरवांना दाखवून दिले. आता जोधपूरची गाडी थेट बेळगाववरून जाते, मिरजेला उतरावे लागत नाही.

९ मे २०२५, शुक्रवार

मेस्त्री मंगळवारी परतले. लग्न नीट पार पडले, आणि मेस्त्रींची मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्याचे ते सर्व गावी असतानाच कळले. पेढ्यांऐवजी तिकडची मावा कचोरी आली.

परंतु ते परतले आणि लगेच सीमेवर संघर्ष सुरू झाला. जोधपूर, बाडमेर, जैसलमेर या भागांत रात्री दिवे बंद ठेवण्याचे आदेश आहेत. आई आणि भाऊ तेथेच आहेत. काल सायंकाळी नेहमीच्या वेळी फोन लागला नाही. मेस्त्री परांचीवरून उतरून कट्ट्यावर बसले, पुन्हा पुन्हा नंबर फिरवीत राहिले; मदतनीस, गुरव, शेजारची माणसे एकेक करून त्यांच्याजवळ येऊन बसली. भजनी मंडळाने ठरल्याप्रमाणे हरिपाठ सुरू केला आणि त्या रात्री तो नेहमीपेक्षा लांबला. रात्री उशिरा भावाचाच फोन आला. सगळे सुखरूप होते, अंधारात बसून आई यांच्याच जेवणाची चौकशी करीत होती.

आज सकाळी मेस्त्री नेहमीच्या वेळी कामावर आले. मी त्यांना घरी थांबायला सुचवले. हात रिकामा राहिला तर मन तिकडे धावते, असे ते म्हणाले.

१२ मे २०२५, सोमवार

परवा संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. मधल्या दोन कैच्या बसल्या.

२१ मे २०२५, बुधवार

पाऊस रोहिणीचीही वाट न पाहता आला आहे. कालपासून मुसळधार. पश्चिमेची अर्धी बाजू कौलांवाचून उघडी आहे आणि ताडपत्रीत पाणी साचून ती पोटासारखी खाली आली होती. मेस्त्री, दोन्ही मुले (थोरला बेळगावहून मोटारसायकलवर भिजत आला) आणि गावातील तरुण यांनी रात्री बॅटरीच्या उजेडात पट्ट्या ठोकल्या. जानेवारीच्या बैठकीत स्लॅबची बाजू घेणारी मुलेच शिडीवर सर्वांत पुढे होती. निसरड्या वाशांवर मेस्त्रींनी कोणालाही दोर बांधल्याशिवाय चढू दिले नाही, आणि थोरल्या मुलाने घाई केली तेव्हा त्याला सर्वांसमोर खाली उतरवले.

२६ मे २०२५, सोमवार

मोसमी पाऊस शनिवारी, २४ मे रोजी, केरळात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले; २००९ नंतर तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. आमची कौले काल दुपारच्या उघडिपीत पुरी झाली. आढ्यावरची कोनी कौले चुन्यात बसवायची राहिली आहेत, ती ऊन पडेल तेव्हा.

८ जून २०२५, रविवार

मृग लागला. पंधरवडाभराच्या पावसानंतर सांध्यांची पाहणी केली. सहा खांबांपैकी पाचांचे सांधे तंतोतंत आहेत. पश्चिमेच्या कोपऱ्यातील खांबाच्या सांध्यात उत्तरेच्या अंगाला केसाएवढी फट दिसते. ती लाकूड फुगताना एका बाजूला अधिक पाणी लागल्यामुळे पडली असावी, कारण त्या बाजूची पागोळी थेट बैठकीवर पडते. मेस्त्रींनी फटीत काही भरायला साफ मनाई केली. पाऊस सरल्यावर ती मिटते की नाही ते पाहायचे, आणि तोवर पागोळीखाली पन्हळ लावायची. पन्हळ लागली.

गणेशपट्टी आज बसली. नव्या भागातील वेलीची शेवटची कळी मेस्त्रींनी धाकट्या मुलाला कोरायला दिली होती. ती वडिलांच्या कळ्यांपेक्षा थोडी उथळ आहे, आणि तशीच ठेवली आहे.

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी. गावातील वारकरी पंढरपुरात आहेत; जे मागे राहिले त्यांनी मंडपात दिवसभर भजन केले. बाहेर पाऊस असूनही आत एक थेंब आला नाही. मेस्त्रींच्या पत्नी आणि मुलगी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. मुलीने अकरावीला विज्ञान शाखा घेतली आहे. पुढे स्थापत्य अभियांत्रिकी करायची इच्छा तिने मला सांगितली, आणि वडिलांना अजून सांगितले नाही, असेही. मापांची वही जिने इतकी नेटकी ठेवली तिला ते जमेल, याबद्दल मला शंका नाही, आणि वेळ आली तर मी तिच्या वडिलांशी बोलेन.

सुतारांच्या घरातील आजोबांना आज पहिल्या खांबापाशी आसन दिले होते.

१३ जुलै २०२५, रविवार

अखेरचा हिशेब समितीपुढे ठेवला आणि मंजूर झाला. मदतनिसांची मजुरी पूर्ण दिली आहे, मेस्त्रींची शेवटची उचल राहिली आहे ती या आठवड्यात जाईल. पुढील देखभालीसाठी नोंद : दरवर्षी दिवाळीनंतर खांबांच्या पायांना काजूच्या टरफलाचे तेल द्यावे, तिसरा आणि सहावा खांब दांड्याने वाजवून पाहावा, दगडी बैठकांभोवती कधीही सिमेंट भरू नये आणि लाकडाला ऑईलपेंट लावू नये. पश्चिम कोपऱ्यातील फट नोव्हेंबरात मोजायची आहे. भाद्रपदात मेस्त्री रामदेवऱ्याला जाणार आहेत, त्यामुळे पालखीच्या दांड्याचे काम नवरात्रानंतर धरले आहे, आणि त्यासाठी लागणारा शिसवाचा तुकडा त्यांनी आपल्या खानापूरच्या घरी वाळत ठेवला आहे.